शेजारी एकच हवा

आमच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू सौमित्र म्हणजे मूळचा साताऱ्याचा, इथे चंदीगडच्या युनिव्हर्सिटीत स्फटिक वाढवणारा माणूस. खरे नाही हो, कॉम्प्युटरवर! इथे बर्फ पडत नाही, तर हा पठ्ठ्या स्क्रीनवर पाडतो. जिन्यात भेटला की मी विचारते, "काय रे, आज किती किलो पाडलास?" तो नुसता हसतो आणि "बरंय काकू" म्हणतो. तेवढंच त्याचं दिवसभरातलं मराठी.

बायको लीना आणि लेक ज्ञानदा पुण्यात. नाताळच्या सुट्टीत दोघी येणार म्हणून स्वारीने पडदे धुतले, गाद्या गच्चीत उन्हाला टाकल्या. लेकीला कबूलच केलं होतं ना, "ये तर खरी, तुला बर्फ दाखवतो."

त्या येणार त्याच दिवशी दुपारी मी गाजराचा हलवा घेऊन वर गेले, तर आतून आवाज, "शेजारी एकच असला तर गोठायचं. दोन झाले तर नाही गोठायचं."

मला वाटलं, मेला माझीच चुगली करतोय! खाली शेजारीण मी एकटीच.

"कोण गोठलं रे?" म्हणत मी दार ढकललं.

आत कोणी नव्हतं. समोरच्या रिकाम्या खुर्चीला शिकवत होता.

"ज्ञानदाला सांगायची तयारी, काकू. मराठीत पटकन सुचत नाही आता." स्क्रीनवर मधमाशांच्या पोळ्यासारखी घरं होती. "प्रत्येक रिकामं घर आपले शेजारी बघतं. बरोब्बर एकच पांढरा, म्हणजे गोठलेला असेल, तर तेही पांढरं होतं. एवढ्याच नियमावर अख्खा हिमकण वाढतो."

"म्हणजे तू माझ्यामुळे गोठलायस होय! थांब, आणखी एक भाडेकरू आणते."

तेवढ्यात लीनाचा फोन. धुक्याने विमान रद्द, उद्याचंही पक्कं नाही, आता मेच्या सुट्टीतच बघू. मागून ज्ञानदा ओरडली, "बाबा, तोपर्यंत बर्फ वितळेल ना?"

"नाही गं बाळा, हा नाही वितळत."

फोन ठेवून तो लॅपटॉप मिटायला लागला. मी आपली जाऊन त्या खुर्चीत बसले.

"चल, सांग. मी ज्ञानदा."

"बघ बाळा..." म्हणाला आणि थांबला. लॅपटॉप पुन्हा उघडला.

"बघा काकू," म्हणाला, आणि मधलं एक घर पांढरं केलं.