विहीणबाईंची पंगत

शेवंताबाई गेल्याचा फोन केजच्या दवाखान्यातून आला, तेव्हा मी आमच्या वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात मेथी निवडत बसले होते. झोपेतच गेल्या म्हणे... जुडी तशीच मांडीवर राहिली. महिना होत आला त्याला. आमची ओळख कशी झाली ते सांगितलं तर तुम्ही हसाल. या बाईनं आल्या आल्या माझ्या डोक्यात वरणाची पळी हाणली होती!

आमच्याकडं बाया आणि पुरुष एकदमच जेवायला बसतात. शेवंताबाईंना ते बघवायचं नाही. त्यांना सकाळचं दुपारी आठवत नसे, सासरची रीत मात्र पक्की ध्यानात. मी घास उचलला तोच पळी बसली. "लाज हाय का न्हाई गं? गडीमाणसं जेवायचीत अन् तू कावून आधी बसलीस?" मग रोजचंच झालं. हिचं ताट ओढ, तिला चिमटा काढ. एकदा फातिमाबींना असं ढकललं की पडल्या बिचाऱ्या, मनगट सुजलं. "ही बाई राहिली तर मी न्हाई राहत," म्हणाल्या, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. व्यवस्थापकांनी शेवंताबाईंच्या पुतण्याला बोलावून घेतलं, घेऊन जा म्हणाले. तो हात जोडून म्हणाला, "आमी सगळे ऊसतोडीला निघालो, सर. घराला कुलूप. चुलतीला कुणाच्या भरवशावर ठेवू?"

मीही मोठ्या खटल्यात नांदलेली. आमच्यातही बाया मागून जेवायच्या, फक्त पाहुण्या बायांना आधी बसवायचे... ते मला आठवलं. सरांना म्हटलं, आजचा दिवस थांबा. पदर खोचला, भाकरीची दुरडी शेवंताबाईंच्या हातात दिली आणि म्हटलं, "जाऊबाई, ह्या सगळ्या लेकीच्या सासरच्या हायेत. वाढा." फातिमाबींकडं बोट केलं, "अन् ह्या विहीणबाई."

झालं! बाईचा चेहराच फिरला. "घ्या की विहीणबाई, लाजू नका!" फातिमाबी आधी अंग चोरून बसल्या. चौथी भाकरी पडली तशा ओरडल्या, "बस करा वो, पोट फुटंल माझं!" सगळी पंगत हसली. पुतण्या एकटाच परत गेला.

तेव्हापासून शेवंताबाई वाढायच्या आणि मग त्या नि मी शेवटी बसायचो. अधूनमधून हात उठायचा, नाही असं नाही. पण "पाहुण्या हायेत, जाऊबाई" म्हटलं की खाली यायचा. शेवटची भाकरी तव्यावर कडक झालेली असे. तिचा मोठा तुकडा त्या माझ्या ताटात टाकत, "खा, लई दमलीस."

आता सगळ्या म्हणतात, तू पण आधी बस. पण माझा पाय निघत नाही. परवा पंगत बसली तरी फातिमाबी माझ्याशेजारी उभ्याच. म्हटलं, "तुमी बसा की." तर त्यांनी माझ्या हातातली दुरडी ओढून घेतली.

"मी काय अजून पाहुणी हाय का गं?"