आधी हातमोजे घाला

ईडन प्रेरी या अमेरिकन गावाच्या बाहेर घर घेतलं, त्यासोबत दोन एकर जमीन आणि लांबलचक ड्राइव्हवेही आला. पहिला हिवाळा फावड्यावर निभावला. मग लाकडं ओढायला आणि बर्फ ढकलायला एटीव्ही, ती चार जाड चाकांची उघडी गाडी, घ्यायचं ठरलं. मी दुकानात गेलो तो एक्सेल शीट घेऊनच. पंधरा मॉडेल्स, बावीस कॉलम.

दुकानदार साठीचा. समोरचा कितीही बोलला तरी हा फक्त "हं" म्हणतो आणि फडक्यानं हात पुसत राहतो, हात स्वच्छ असले तरी. माझे बावीस कॉलम त्यानं तीन "हं"मध्ये संपवले. मग खालच्या खणातून जाडजूड हातमोजे काढून माझ्यापुढे टाकले.

"हे घालून गाडी चालू करून दाखव."

मला बटण दाबता येईना. अंगठा भलतीकडेच जात होता.

"घरी बर्फ कोण काढतं?" त्यानं विचारलं.

"मीच."

सोबत आलेली माझी बायको छताकडे बघू लागली. त्यानं ते पाहिलं आणि हातमोजे तिला दिले. ती ते घालून एकेका गाडीवर बसली, आणि सगळ्यात छोटी लाल गाडी तिनं पसंत केली. माझ्या शीटमध्ये ती नव्हतीच.

त्या खरेदीला चार हिवाळे झाले. दर ऑक्टोबरला सर्व्हिसिंगसाठी त्याचा फोन येतो. मी इंजिनाचा आवाज, बॅटरी, टायर सगळं व्यवस्थित सांगतो. तो शेवटपर्यंत ऐकून घेतो.

"हं," म्हणतो. "मिसेस घरी आहेत का?"