परक्याचं स्टूल

दवाखान्यात न्यायची पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवलेली होती. आधार कार्ड, जुने रिपोर्ट, टॉवेल, पाण्याची बाटली. माझ्या भावजयीने, नंदाने, ती आदल्या संध्याकाळीच भरून ठेवली होती. सकाळी मी तांदूळ निवडत बसले होते, तेवढ्यात माझी भाची प्रज्ञा अनवाणीच गल्लीतून आली आणि उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आत्या, पप्पा उठंनात." मी गेले. हात लावला आणि कळलं. नंदा त्याच्या तळपायाला तेल चोळत होती. मी म्हटलं, "राहू दे आता." तरी ती चोळतच राहिली... पिशवी खुंटीलाच होती.

भास्कर माझा धाकटा भाऊ. त्याला जाऊन दीड महिना होत आला. माणूस गेला की त्याच्याबद्दल सगळं गोड लिहायची पद्धत आहे, ती मला जमत नाही. तो हट्टी होता. घरात बोलायचा कमी आणि बोलला की टोचून बोलायचा. बायकोला कधी कुठं फिरायला घेऊन गेला नाही, वेरूळ एवढं जवळ असून तेही तिने माहेरच्यांबरोबर पाहिलं. पण शहागंजातल्या त्याच्या छपाईच्या दुकानात तो वेगळा माणूस असायचा, आणि तो मला माहीत आहे, कारण नवरा वारल्यापासून माझी प्रत्येक दुपार त्या दुकानात गेली. तो पत्रिका छापायचा, मी स्टीलच्या पट्टीने त्यांच्या घड्या घालायची. चौथी शिकलेल्या बाईला याहून चांगलं काम कुणी दिलं नसतं.

लग्नाच्या पत्रिका सगळेच छापतात. भास्करकडे मयताच्या यायच्या. आमच्या बौद्ध समाजात जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाची पत्रिका लागते आणि ती लगेच लागते. रडून डोळे सुजलेली माणसं फोटो घेऊन दारात उभी राहायची. भास्करचा एक नियम होता. मजकूर तयार झाला की तो घरच्यांना वाचायला द्यायचा, पण त्यांच्या वाचण्यावर छापायचा नाही. काउंटरच्या बाहेर एक लोखंडी स्टूल ठेवलेलं होतं. त्यावर कुणीतरी परकं माणूस बसवायचा, झेरॉक्सला आलेलं, नाहीतर रस्त्याने चाललेलं, आणि त्याच्याकडून मजकूर मोठ्याने वाचून घ्यायचा. "घरच्याला चूक दिसत नाय आक्का," तो म्हणायचा, "घरच्याच्या डोळ्याला सगळं पाठ असतंय." एकदा एका घरातल्या सगळ्यांनी वाचून बरोबर म्हटलेल्या पत्रिकेत मेलेल्या बाईच्या जागी तिच्या जिवंत जावेचं नाव निघालं होतं. ते एका केळीवाल्याने वाचून दाखवलं.

कॉम्प्युटरवर त्याने लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली टाकली होती. आधीची प्रणाली चोरीची होती, तिच्यात व्हायरस शिरला आणि साठवलेल्या सगळ्या पत्रिका गेल्या. मग तो कुठून तरी हे शिकून आला. मी विचारलं, फुकट का देतात, काही खोट असेल. तो म्हणाला, "हे कुणा एकाच्या मालकीचं नाय. कुणीबी घ्यावं, उघडून बघावं, बिघडलं तर नीट करावं. पाणी सगळ्यांला खुलं, तसं हे." त्यात प्रिंटर जोडताना त्याला नाव द्यावं लागतं. पहिल्या प्रिंटरला त्याने आईचं नाव दिलं, सखुबाई. दुसरा घेतला तेव्हा त्याचं नाव आक्का ठेवलं. मी म्हटलं, "येडा हायस का? मला मशीन केलं व्हय?" तो म्हणाला, "आई थकली की तू हायसच की कामाला."

पुढं सखुबाई खरोखरच थकली आणि भंगारात गेली. मग एकट्या आक्कावर दुकान चालू लागलं, आणि छपाई हळू झाली. हळू म्हणजे कशी... बटण दाबलं की मशीन गप्प. आणलेला चहा पिऊन व्हायचा, कप विसळून व्हायचा, तरी गप्प. मग अचानक कुरकुर करून कागद यायचा, तोही अगदी स्वच्छ. पुढच्या कामाला पुन्हा तेच. भास्कर मला चिडवायचा, "आक्का, वय झालं तुझं." समोरचा दुकानदार त्याला चिडवायचा, "फुकटचं खायला गेलं की असंच व्हतंय भास्करभाऊ." भास्कर हसायचा, पण त्याला ते लागत होतं. मयताच्या घरचं माणूस ताटकळत ठेवणं त्याला सहन होत नसे. एक बाई नवऱ्याचा फोटो छातीशी धरून त्या गप्प मशीनकडे बघत उभी होती, ते मलाही बघवलं नव्हतं.

तो हात धुऊन त्या बिघाडाच्या मागे लागला. तार बदलली. टोनर बदलला. जागा भरली असेल म्हणून जुन्या फायली काढून टाकल्या. फोटो जड असेल म्हणून हलका केला. मराठी अक्षरांचं चित्र करून पाठवतंय म्हणून वेळ लागतो, असं कुणीतरी सांगितलं, तर अक्षरं बदलली. प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम काढला, पुन्हा घातला. हीच प्रणाली वापरणारे लोक जगभर आहेत, ते नेटवर एकमेकांना विचारतात. प्रज्ञा इंग्रजीत लिहायची, उत्तरं वाचून दाखवायची. एकाने सुचवलं, तुमच्याकडे प्रिंटरांची यादी काय दिसते ती नीट बघा. भास्करने यादी उघडली, वरपासून खालपर्यंत बघितली आणि म्हणाला, "यादी बरोबर हाय." मीही बघत होते. मलाही बरोबर वाटली.

याच दिवसांत त्याला दम लागायला लागला. शटर वर केलं की तो काउंटरला धरून उभा राहायचा. जबडा दुखतो म्हणायचा, डाव्या हाताला मुंग्या येतात म्हणायचा आणि वर स्वतःच सांगायचा, गॅस आहे. गल्लीतल्या डॉक्टरने त्याला बजावलं, मोठ्या दवाखान्यात जा, छातीच्या तपासण्या कर, आजच जा. तो म्हणाला, मशीन नीट झालं की जातो. नंदा रडली. प्रज्ञाने अबोला धरला. मी तर सांगून सांगून थकले. "मशीन बंद पडलं तर दुसरं येईल, तू बंद पडलास तर?" असंही बोलून बघितलं. तो म्हणाला, "अपशकुनी बोलू नको, घड्या घाल." परक्याने वाचावं हा त्याचा नियम इथं उलटा निघाला. आम्हा घरच्या सगळ्यांना दिसत होतं, फक्त त्यालाच दिसत नव्हतं. मशीनचा दम का कोंडतो हे शोधायला त्याच्याकडे सगळा दिवस होता.

एके दुपारी वेरूळकडचा एक माणूस बापाची पत्रिका करायला आला. मोठा, रांगडा गडी, मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला. भास्करने बटण दाबलं आणि मशीन गप्प झालं. मग भास्करने पडद्यावर ते पान उघडलं, ज्यात कॉम्प्युटर आत काय काय करतो ते ओळीओळीने उमटत जातं. तो गडी स्टुलावर बसला होता. स्टुलावर बसणाऱ्याने वाचायचं असतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं तो बोट ठेवून जुळवायला लागला.

"सा... खु... बाई. ही सखुबाई कोण हाय?"

भास्कर म्हणाला, "आई हाय माझी."

"मग तिलाच इचारायलंय की हे. परत्येक बारीला आधी सखुबाई, मग आक्का. कुठं हायत त्या?"

"वारली," भास्कर म्हणाला, आणि तिथंच थांबला.

दोन प्रिंटर होते तेव्हा त्याने दोघांचा एक गट करून ठेवला होता. एक गुंतला तर काम आपोआप दुसऱ्याकडे जावं म्हणून. सखुबाई भंगारात गेली, पण गटात तिचं नाव पहिलं राहिलं. काम दिलं की कॉम्प्युटर आधी तिला हाक मारायचा, उत्तराची वाट बघत बसायचा, आणि उत्तर आलं नाही की मग आक्काकडे जायचा. नाव यादीत डोळ्यांसमोर होतं. आईचं नाव घरात असायचंच, म्हणून आमची नजर त्यावर अडली नाही. भास्करने यादी उघडली, "आई, बस कर आता," असं पुटपुटला आणि नाव काढून टाकलं. बटण दाबलं. कागद लगेच बाहेर आला, मागोमाग दुसरा, तिसरा... माझी घडी मागे पडायला लागली. त्या माणसाने पैसे काढले तर भास्करने घेतले नाहीत. इतका खूश मी त्याला प्रज्ञाच्या जन्मानंतर पाहिला नव्हता.

मी म्हटलं, "झालं ना नीट? चल आता दवाखान्यात."

"आता तिथं जाऊन नुसतं बाकड्यावर बसायचं. सकाळी जातो, नंबर लवकर लागतो. वचन."

वचन त्याने मोडलं असं मी म्हणणार नाही. सकाळच झाली नाही त्याची. डॉक्टर नंतर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. हे वाक्य ते सगळ्यांना म्हणत असतील, पण आमच्या बाबतीत ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा त्याच्या खुर्चीवर बसली. आपल्या बापाची पत्रिका दुसऱ्याकडे छापायची नाही, असं तिने ठरवलं होतं. दुकानाच्या पद्धतीप्रमाणे तिने जुनी पत्रिका उघडली, आमच्या चुलत्यांची, आणि त्यातली नावं बदलली. नंदाने वाचली. नंदाच्या भावांनी वाचली. मी अक्षरांखाली बोट धरून वाचली. सगळे म्हणाले, बरोबर आहे. प्रज्ञा बटणावर हात ठेवून थांबली आणि म्हणाली, "परक्यानं वाचलं नाय अजून."

शटर अर्धं खाली होतं. एक रिक्षावाला लायसनची झेरॉक्स काढायला म्हणून खाली वाकला. "चालू हाय का जी?" प्रज्ञाने त्याला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं, पत्रिका वाचायला सांगितली. तो म्हणाला, "मी मराठी शाळेतच शिकलो जी," आणि एकेक शब्द सावकाश वाचत खाली आला. मग पुन्हा वर गेला. "ऊपर कालकथित भास्कर लिहिलंय. खाली निमंत्रकात पण भास्कर हाय. दोन अलग माणसं हायत का?"

चुलत्यांच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून त्याचं नाव होतं, ते तसंच राहिलं होतं. नंदा म्हणाली, "राहू दे ना. दरवेळी असतंय त्यांचं नाव तिथं." रिक्षावाल्याला तेव्हा कळलं आणि तो उठायला लागला. मी त्याला बस म्हटलं. प्रज्ञा माझ्याकडे बघत होती.

"गेलेला माणूस लोकांना बोलवत नसतो," मी म्हटलं. "काढ."

तिने काढलं. त्याच्याखाली माझं नाव होतं, ते एक ओळ वर सरकलं. तिने बटण दाबलं. मशीन थोडं तरी थांबेल असं मला वाटलं होतं... थांबलं नाही. पडद्यावर "आक्का" आलं आणि कागद पडायला लागले, गरम, एकामागून एक. मी पट्टी घेतली आणि घड्या घालायला बसले.

दुकान प्रज्ञा चालवते. मी दुपारची जाते. स्टूल काउंटरच्या बाहेरच असतं, त्यावर कुणी पिशवी ठेवली तर ती उचलायला लावते. मयताचं काम आलं की मजकूर तयार करून ती मान वर करते आणि रस्त्याकडे बघत राहते, कुणी परकं चाललंय का म्हणून. कधीकधी बराच वेळ कुणी येत नाही. मी समोरच असते, हात रिकामे असतात, डोळेही अजून धड आहेत. पण ती मला वाचायला सांगत नाही आणि मीही त्या स्टुलावर बसत नाही.