ज्या फाइलीत आवाज नव्हता

श्रोतेहो, आज करवतीला धार लावणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगतो. देवाचे नाव घेऊनच सांगतो, कारण या गोष्टीत देव आहे. मात्र तो धावून आलेला नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

निकिफोर झिबरॉफ कॅनडातल्या आमच्या कूटनी नदीच्या खोऱ्यातला. लाकडाच्या गिरणीत त्याने आयुष्य काढले. मीही त्याच गिरणीत होतो, म्हणून त्याचा शेजार मला लाभला. हे दुखोबोर, म्हणजे रशियातून इकडे आलेल्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक. यांना पुजारी नाही, मूर्ती नाही, पोथी नाही. रविवारच्या प्रार्थनेला मेजावर पाव, मीठ आणि पाणी, आणि दोन्ही अंगांना उभे राहून गाणारी माणसे. मांस यांच्या घरात शिजत नाही. लोण्यात न्हालेले कोबी-बटाट्याचे बोर्श्च मी निकिफोरच्या स्वयंपाकघरात इतके प्यालो आहे की त्या घराचे ऋण माझ्या रक्तात आहे.

आणि त्यांची स्तोत्रे! ती लिहायची नाहीत, हृदयात धरायची, असे वाडवडिलांचे सांगणे. शब्दाचे एकेक अक्षर इतके ताणतात, इतके ताणतात की शब्द विरघळतो आणि नुसता स्वर उरतो. एकीचा दम संपत आला की दुसरी उचलते, दुसरीचा संपण्याआधी तिसरी. त्यामुळे स्तोत्र कुठे तुटत नाही, नदीसारखे वाहते. पण मग पूर्ण स्तोत्र कोणा एकीला येते का? येत नाही. प्रत्येकीला आपला वाटा येतो आणि शेजारणीच्या ओठांकडे बघणे येते.

म्हाताऱ्या एकेक करून जाऊ लागल्या, तेव्हा निकिफोर कामाला लागला. त्याने संगणक घेतला, ध्वनिमुद्रणाचा एक प्रोग्राम घेतला, आणि अंगणातल्या बान्यात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, चहूबाजूंनी गोधड्या टांगल्या. एकेकीला आत बसवायचे, कानांवर हेडफोन चढवायचे, आधीच्या बायकांचे गाणे ऐकवायचे आणि तिने त्यात आपला वाटा भरायचा. आवाज वेगवेगळे राहिले तर उद्याच्या मुलींना एकेका आवाजाला कान लावून शिकता येईल, हा त्याचा भाव.

“जन्मभर इथे अंग धुवायला आले,” पोल्या त्याला म्हणाली होती, “आता गळा धुवायला बोलावलंस होय रे?”

“बस गप. आणि दम घेताना हुंकारू नकोस.”

“हुंकारले नाही तर फेन्याला कळणार कसं, मी थांबले ते?”

अशी त्यांची कामे चालली. पोल्या त्या गटातला मुख्य आवाज. फेन्या कानांनी अधू, पण स्वराला पक्की. आणि निकिफोरची बायको लुशा, मधला आवाज. आणखीही होत्या. आज लुशा एकटी उरली आहे.

बाकीच्या गेल्यावर एका हिवाळ्यात सास्काचेवान प्रांतातून तमाराचा फोन आला. तिकडच्या दुखोबोर तरुणांचे ती गायनमंडळ चालवते. “निकिफोर काका, आमच्याकडे ही स्तोत्रं जाणणारं कुणी राहिलं नाही. तुमच्याकडचे आवाज ईस्टरपर्यंत पाठवा. आम्ही शिकू आणि पेट्रोव्ह देनला तुमच्या हॉलमध्ये येऊन गाऊ.”

पेट्रोव्ह देन म्हणजे जूनअखेरचा त्यांचा सण. पूर्वजांनी शस्त्रे जाळली, त्या दिवसाची आठवण. फोन ठेवून निकिफोर थेट संगणकापाशी गेला. ज्यासाठी बान्यात गोधड्या टांगल्या, ते मागायला अखेर कोणीतरी आले होते.

पण पाठवायचे कसे? संगणक म्हातारा. पाठवण्याची जी जी वेबसाइट उघडावी, ती म्हणे, तुमची सिस्टम जुनी आहे. आणि रोज सकाळी पडद्यावर निळी पाटी: या सिस्टमची देखभाल आता थांबली आहे, नवी घ्यावी.

शहरातून डार्सी इमायोशी आला. संगणक दुरुस्त करतो, जिभेने तिखट, मनाने लोण्यासारखा. त्याने संगणकाच्या पेटीला कान लावला.

“काका, हिची डिस्क ऐकलीस? टकटक करतेय. गुडघे वाजतात ना तुझे, तशी.”

“गुडघे वाजले तरी मी चालतो.”

“तूही नवीन सिस्टम टाकून घे मग,” लुशा चुलीपासून म्हणाली.

“हे बघ,” डार्सी म्हणाला, “नवी सिस्टम हिच्यावर चढेल, पण धापा टाकेल. आणि तुझा गाण्याचा प्रोग्राम तिच्यावर चालणार नाही. बनवणारी कंपनीच बुडाली, विचारायचं कुणाला? तशीच ठेवलीस तर ही डिस्क कधीतरी मरेल. म्हणून घाई करू नकोस. मी नवी डिस्क मागवतो, हिची हुबेहूब नक्कल करतो, मग काय हवं ते कर. बरं, या आवाजांना नावं काय दिलीस? पडद्यावर तर नुसते आकडे दिसताहेत.”

“ते संगणकानं दिलेत.”

“आणि तू?”

निकिफोर हसला. “स्तोत्राला कुणाचं नाव लावतात का? नाव लावलं की ते पोल्याचं होतं, फेन्याचं होतं. ते देवाचं आहे.”

“देवाला शोधायचं झालं तर सापडेल ना?”

“त्याला सगळ्यांचे आवाज ओळखीचे आहेत.”

डार्सीने मान हलवली आणि गेला. श्रोतेहो, निकिफोरच्या उत्तरात उद्धटपणा तसूभर नव्हता. कुळाने शिकवलेली नम्रताच ती. आपले नाव पुसून घ्यावे हे कोणत्या संताने शिकवले नाही? पण यंत्राला भक्ती कळत नाही. त्याला खूण लागते.

पुढे डार्सीच्या आईला व्हँकुव्हरच्या इस्पितळात ठेवले, आणि तो तिकडेच अडकला. ईस्टर जवळ येत चालला. डिस्कची टकटक वाढली. निळी पाटी रोज तेच बजावी. निकिफोर कधी नको म्हणे, कधी हो म्हणे. एका दुपारी मी गेलो तर पेटीवर हात ठेवून बसला होता, आजारी गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

“केलं तर प्रोग्राम जातो,” मला म्हणाला, “नाही केलं तर सगळंच जातं. तू काय करशील?”

“डार्सीची वाट बघेन.”

“त्याची आई आहे ती. मी कुठल्या तोंडानं फोन करू, की माझ्या पेटीसाठी ये?”

मी उठून घरी आलो.

अखेर त्याने स्वतःच केले. दुसऱ्याच्या हातून काम करून घेण्याची या लोकांना सवयच नाही; घर बांधतील, विहीर खणतील, शवपेटीही स्वतःच करतील. त्याने प्रत्येक फाइल उघडून ऐकली आणि जिच्यातून आवाज आला ती बाहेरच्या डिस्कवर घेतली. प्रत्येक स्तोत्राच्या फोल्डरमध्ये एक चिमुकली फाइल होती. तिला दाबले, आवाज आला नाही. पुन्हा दाबले, तरी नाही. तेव्हा त्याने ठरवले की हा संगणकाचा स्वतःचा पसारा आहे. गात नाही ते आपले नव्हे. आणि फोल्डर कशाला हवेत? देवाघरी सगळे सारखेच. त्याने सगळे आवाज एकाच ठिकाणी ओतले.

नवी सिस्टम म्हणाली, जागा पुरत नाही. सर्व पुसून स्वच्छ सुरुवात करू का?

निकिफोरने डोळे मिटून प्रार्थना केली, आणि हो म्हटले.

डार्सी परतला तो थेट इकडेच आला. नवी सिस्टम उघडायला इतका वेळ लागला की लुशाने मध्ये चहा करून दिला. बाहेरच्या डिस्कवरचे आवाज त्याने पाहिले, खाली-वर केले, आणि त्याचा चेहरा बदलला.

“काका, लहान फाइली होत्या ना? प्रत्येक गाण्याबरोबर एकेक?”

“त्या मुक्या होत्या.”

“त्यांच्यातच सगळं होतं रे. कुठला तुकडा कुठल्या गाण्यातला, कुणाच्या मागून कोण, कोण कधी उचलतं. आवाज नव्हता त्यांच्यात, पण सगळं त्यांनाच ठाऊक होतं.”

डार्सीने ती पेटी नेली, पुसलेले उकरून काढायचा यत्न केला. डिस्क टकटक करीत करीत एकदा थांबली ती थांबलीच. मणी हाती राहिले, सूत गेले. शेकडो मणी. कुठे चार पळांचा एक सूर, कुठे नुसता एक ‘ओ’, कुठे दमाचा हुंकार.

मग त्या दोघा म्हाताऱ्यांनी ओवायला घेतले. सकाळची न्याहारी झाली की मेजाशी बसायचे आणि एकेक तुकडा लावायचा.

“ही पोल्या,” लुशा लगेच सांगे.

“कुठल्या स्तोत्रातली?”

“मला काय ठाऊक?”

“तू तिच्याशेजारी उभी राहून गायलीस ना गं!”

“गायले. तिचे ओठ मिटले की मी उघडायचे. पेटीतल्या पोल्याला तोंड कुठंय?”

निकिफोर चिडे, मग त्याचीच त्याला लाज वाटे, आणि तो पुढचा तुकडा लावी. लुशाला सगळ्या ओळखू येत. हा पोल्याचा सर्दीतला आवाज, हा तिचा नवरा गेल्यानंतरचा. गेलेली प्रत्येक मैत्रीण मेजाशी येऊन बसे, एक अक्षर म्हणे, आणि कुठे जायचे ते न सांगता उठून जाई. भगवंता, तू नामरूपापलीकडचा आहेस हे खरे. पण आम्ही नाही ना रे! आम्हाला तिच्या ओठांची खूण लागते.

एकच स्तोत्र हाती लागले, तेही फेन्याच्या बहिरेपणामुळे. तिला ऐकू यावे म्हणून हेडफोनचा आवाज निकिफोर चढवून ठेवी. तो बाहेर झिरपला होता. तिच्या आवाजामागे अगदी बारीक, भिंतीपलीकडून यावे तसे, बाकीचे गाणे ऐकू येत होते. डार्सीने त्या झिरपलेल्या गाण्यावर बाकीचे तुकडे जुळवले. पण त्या एका स्तोत्रातही फेन्याला शेवटापर्यंत गाणे झाले नव्हते. मध्येच ती दुखणाईत पडली. जिथे ती थांबली, तिथे जुळणीही थांबली. इतर स्तोत्रांत तिने आवाज दिलाच नव्हता.

तेवढेच तमाराला पाठवले. नवी सिस्टम एवढे मात्र चोख करी: क्षणात पाठवी.

पेट्रोव्ह देनला ती मुले आली. हॉल भरला होता. गाण्याआधी निकिफोर पुढे झाला. “तुमच्या आज्यांचे आवाज माझ्यापाशी ठेव होते,” तो म्हणाला. “मी ते विस्कटले. परत लावता येत नाहीत.” आणि कमरेत वाकून त्याने सर्वांना नमस्कार केला. माणसातल्या देवाला करतात तसा, जमिनीकडे बघत. सगळा हॉल त्याच्यापुढे तसाच वाकला.  कोणी रागावले असते तर त्याला ते सोसायला सोपे गेले असते, असे मला वाटते.

मग मुले गायली. किती तयार आवाज! तमारा पोल्याचा वाटा गात होती, पण मुलांनी तो डिस्कवरून घेतला होता, त्यामुळे सर्दीही घेतली होती. माझ्या डोळ्यांना धार लागली. जुळणी थांबली होती तिथवर स्तोत्र वाहत आले आणि तिथे मुले थांबली. तेव्हा बायकांच्या रांगेतून लुशाने स्वर उचलला. एकटीने. मधला आवाज तो, कधी एकटा चालायचा नाही. मुले तिच्याकडे बघत राहिली. अक्षर ताणत ताणत ती दमाच्या कडेला पोचली, आणि तिने डावीकडे पाहिले. तिथे कोणी नव्हते. स्वर तुटला.

 तमाराने हळूच विचारले, “आजी, पुढे?”

“पुढे पोल्या,” लुशा म्हणाली, आणि खाली बसली.