दाढीचा ब्रश

सुपरचार्जर इंजिनात जोराने हवा कोंबतो. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत ती हवा कुठेतरी गळत होती आणि अंधेरीच्या माझ्या गॅरेजात तीन दिवस लॅपटॉप लावूनही गळती सापडेना. शेवटी गाडीचा मालक तिच्यासकट मलाही मुलुंडच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे घेऊन गेला.

म्हाताऱ्याने पाइपाचं तोंड बंद करून पंपाने हवा भरली. मग दाढीच्या ब्रशने प्रत्येक सांध्याला निवांत साबणाचा फेस लावला. पाइप आवळणाऱ्या एका पट्टीखाली फुगा आला.

"अति आवळलंय रे, रबर कापलं," तो म्हणाला. "घाबरलेला माणूस जास्तच आवळतो."

ती पट्टी मीच आवळली होती. मला त्याच्या ब्रशचाही हेवा वाटला. माझे काळे हात बघूनही, कोणी आवळली, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं, तर निदान भांडता आलं असतं.