न कळता मान हलवणारे

आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या होडीत ते माझ्यासमोर बसले होते. जहाजावरची नोकरी संपवून गावी परतलेले एक म्हातारे खलाशी. खाडी शांत होती, तरी बोलताना त्यांचा एक हात होडीच्या काठावर घट्ट असायचा. माझ्या मांडीवर स्पॅनिशचं पुस्तक होतं. शिष्यवृत्ती मिळवून मी लवकरच स्पेनला शिकायला जाणार होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथल्या लोकांचं बोलणं कळलंच नाही तर, ही धास्ती मला झोपू देत नव्हती.

“चाचा, तुम्हाला येते ही भाषा?” त्यांची नजर पुस्तकावर गेली तसं मी विचारलं.

“पोटापुरती. आधी लाजेपायी सगळ्याला ‘सी, सी’, म्हंजी व्हय व्हय, म्हनायचो. एकदा स्पेनच्या बंदरावर कुनी कायतरी विचारलं, मी मान हलवली, नि दुसऱ्याच जहाजावर आठ दिस बटाटे सोलत बसलो!” ते खळखळून हसले. “न्हाय कळलं तर तसं म्हनावं पोरा. त्यात कसली लाज?”

कॉलेजात इंग्रजी न कळताही मी वर्षभर मान हलवत आलो होतो.

पुढे स्पेनमध्ये पाठीवर पिशवी बांधून हिंडताना एका खेड्यात मी रस्ता विचारला. एक बाई भराभर सांगत सुटल्या. मान हलणारच होती, पण कसंबसं म्हणालो, “नो एन्तिएन्दो.” कळलं नाही. त्या थांबल्या, हसल्या आणि काठीने मातीत रस्ता काढू लागल्या. मी शेजारी उकिडवा बसलो आणि आणखी दोनदा विचारलं.