मी हाय अजून!

"ह्यातली माझी बायको कोन?"

भानुदादांच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे. राहुरीतल्या आमच्या शाळेच्या हॉलमध्ये हौशी मंडळींची नाटकाची तालीम ठरली होती. साखर कारखान्याच्या काट्यावर, म्हणजे उसाच्या गाड्यांचं वजन होतं तिथं, दादा नोकरीला होते. ड्यूटी संपवून ते तसेच आले होते आणि केसांत उसाचं पाचट अडकलं होतं. ट्रॅक्टरच्या धडधडाटात दिवसभर ओरडून बोलायची सवय, त्यामुळे हळू बोलणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. मी हात वर केला. मी मराठी शिकवते आणि माझा चेहरा जन्मतःच रागावलेला आहे, असं माझे विद्यार्थी म्हणतात. दादांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "बाई, हा राग नाटकापुरता ठिवा. घरी रागवायला एक हाय, तेवढी बास."

घरची ती एक म्हणजे मंदावहिनी. देवळाली प्रवऱ्याला त्यांचं घर. दादांच्या प्रत्येक प्रयोगाला त्या टेम्पोत पेट्यांशेजारी बसून यायच्या, दादांना दाढी चिकटवायच्या आणि प्रयोग संपला की खोबरेल तेल लावून ती सोडवायच्या. मधल्या वेळात त्या विंगेत बसून शेंगा सोलत असत. त्यांना रागावलेलं मी तरी कधी पाहिलं नाही. त्यांना फारसं बोलतानाही पाहिलं नाही, कारण त्या घरातलं सगळं बोलणं दादाच करून टाकत.

आमच्या नाटकाचं नाव होतं 'आबा अजून आहेत'. आमच्यातल्याच एकाने लिहिलेलं, साधं, गावरान. पहिल्या अंकात आबा अंथरुणाला खिळलेले, डॉक्टरांनी हात टेकलेले. भावकी उशाशी बसून रडते आणि रडता रडता जमिनीची वाटणी करते. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडतो तेव्हा गोधडी फेकून आबा ताडकन उठून बसतात आणि गरजतात, "आरं, मी हाय अजून!" मग एकेकाची ते अशी काही हजेरी घेतात, की प्रेक्षकांचं हसून पोट दुखायचं. मी आबांची बायको गोदाक्का. या एका नाटकाने भानुदादांना जिल्हाभर आबा करून सोडलं. बाजारात, लग्नात, एसटीच्या रांगेत कुणीही त्यांना अडवायचं आणि म्हणायचं, "आबा, एकदा होऊन जाऊ द्या!" दादा हातातली पिशवी खाली ठेवायचे, छाती भरून घ्यायचे आणि होऊन जाऊ द्यायचे. नाही म्हणणं त्यांना जमतच नव्हतं.

त्यांचं स्वतःचं म्हणून एक वाक्य होतं, ते नाटकातलं नव्हतं. टेम्पो बंद पडला, प्रयोगाच्या ऐन वेळी कुणी आजारी पडलं, नाट्यस्पर्धेत आम्हाला कुणी विचारलं नाही, तरी दादा म्हणत, "आवो, हा पहिला अंक हाय. दुसरा अंक लई भारी हाय." हे ऐकून मला हसू यायचं, कधी धीरही यायचा. आता त्या वाक्याचा मला राग येतो. पण ते पुढे.

राजूरच्या बाजारातला प्रयोग मी विसरणार नाही. आसपासच्या डोंगरातल्या वाड्यांवरून माणसं आली होती. जनरेटरने दगा दिला आणि माईक मुका झाला. दादांनी त्या उघड्या मैदानात नुसत्या गळ्यावर अख्खा दुसरा अंक ओढून नेला. प्रयोग संपल्यावर एक म्हातारी तांब्या घेऊन मागे आली. तांब्यात तांदळाची गरम पेज होती. "आबा, एवढ्या दुखन्यातनं उठलात, प्या ही," म्हणाली. दादांनी तिला खरं काय ते सांगितलं नाही. अर्धी दाढी सुटलेली, अर्धी चिकटलेली, अशा अवतारात जमिनीवर बसून त्यांनी ती सगळी पेज प्यायली. म्हातारीने मग माझ्या कपाळाला बोटं लावून स्वतःच्या कानशिलावर मोडली आणि म्हणाली, "पोरी, तुझं कुकू बळकट म्हनून उठला गं ह्यो." मंदावहिनी हातात तेलाची वाटी घेऊन तिथंच उभ्या होत्या. त्या हसल्या. आम्ही सगळेच हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

पुढे दादांचा आवाज बसायला लागला. कधी घोगरा यायचा, कधी वाक्याच्या शेवटी नुसती हवा. आम्हाला वाटलं, काट्यावरची धूळ असेल, प्रयोगांची दगदग असेल. प्रेक्षकांना तर तो फाटका आवाज जास्तच आवडला. "आता आबा खरे म्हातारे वाटतात," असं लोक कौतुकाने सांगत. मंदावहिनी रोज हळद-दूध देत होत्या. एकदा विंगेत त्यांनी माझा हात धरला. "बाई, तुमचं ऐकत्यात ते. जरा डॉक्टरला दावा की." मी दादांच्या मागे लागले आणि आम्ही तिघं नगरला गेलो. नगरचं आता अहिल्यानगर झालं आहे, पण दुखणी घेऊन माणसं अजून नगरलाच जातात.

गळ्यातून काढलेला तुकडा तपासून आला. स्वरयंत्राचा कर्करोग. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलणारे होते. त्यांनी कागदावर गळा काढून दाखवला. स्वरयंत्र काढून टाकावं लागेल, गळ्याला छिद्र राहील, श्वास तिथून घ्यायचा. आवाज जाईल. पण ऑपरेशन आत्ता केलं तर माणूस वाचण्याची आशा चांगली आहे. नुसता शेक दिला, म्हणजे किरणांचा उपचार केला, तर आवाज कदाचित राहील, पण या दुखण्यात त्याचा भरवसा ते देऊ शकत नव्हते. एवढं सांगून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मृदू आवाजात विचारलं, "वहिनी, तुमचं काय मत आहे?"

त्यांनीही आमचं नाटक पाहिलं होतं.

मी म्हटलं, "डॉक्टर, वहिनी या." कोपऱ्यातल्या खुर्चीत मंदावहिनी फाइलींची पिशवी पोटाशी धरून बसल्या होत्या. डॉक्टर ओशाळले आणि त्यांच्याकडे वळून त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. वहिनींनी पदर सारखा केला. ओठ उघडले. तेवढ्यात दादा म्हणाले, "तिला काय इच्यारता? तिचं आन् माजं एकच मत. आपल्याला शेक द्या. आवो डॉक्टर, हा पहिला अंक हाय!" आणि त्या फाटक्या आवाजात ते मोठ्याने हसले. डॉक्टर हसले नाहीत. वहिनींनी ओठ मिटून घेतले.

बातमी फुटली आणि लोकांच्या प्रेमाला पूर आला. मी 'प्रेम' म्हणते, कारण ते प्रेमच होतं. त्यातल्या एकाच्याही मनात वाईट नव्हतं, हेच तर जास्त डाचतं. शहाळी आली, सफरचंदं आली, अंगारे आले. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं होतं. आलेली माणसं गळ्यात पडून रडायची आणि दादा त्यांची समजूत घालत बसायचे. आजाऱ्याने धीर द्यायचा आणि धडधाकट माणसांनी तो घेऊन घरी जायचं, असा सगळा उफराटा कारभार. निघताना प्रत्येकजण म्हणायचा, "आबा, आवाज मातर जाऊ द्यायचा न्हाई! तुमचा आवाज म्हंजी आमची शान हाय." मग दारात मोबाईल उघडून, "एकदा होऊन जाऊ द्या." दादा उशीवरून उठून होऊन जाऊ द्यायचे. वहिनी आतून चहाचे ट्रे बाहेर आणत असायच्या. मला पाहिलं की माणसं माझे हात हातात घ्यायची. "गोदाक्का, धीर धरा," म्हणायची. सुरुवातीला मी समजावून सांगितलं, मग चिडले, मग ओरडले. उपयोग शून्य. चहा देणाऱ्या बाईकडे कुणी वर मान करून पाहिलंच नाही.

मी दादांशी भांडले. "आवाज काय चाटायचाय? जिवंत राहा आधी," असं सरळ तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "बाई, आवाज गेल्यावर मी कोन? काट्यावरचा एक कारकून. त्यो तर मेला काय आन् जगला काय." माझ्याशी न हसता ते एवढंच काय ते बोलले असतील. दुसऱ्या क्षणी त्यांनी मान झटकली. "पन तसं व्हत न्हाई. दुसरा अंक हाय की."

शेक संपला आणि खरंच बरं वाटायला लागलं. गळ्याची कातडी काळवंडली होती, पण आवाज थोडा परतला. मग तर विचारायलाच नको. सुप्याला कारखान्यांतल्या कामगारांनी दणक्यात प्रयोग ठेवला. दादांच्या फोटोचा, माणसापेक्षा मोठा फ्लेक्स लागला, खाली 'आबा अजून आहेत'. शाल-श्रीफळ झालं. एका पुढाऱ्याने सकारात्मकतेवर लांबलचक भाषण केलं. कर्करोगाला हसून हरवता येतं हे आबांनी दाखवून दिलं, असं म्हणाले. गोधडी फेकून दादा उठले, "आरं, मी हाय अजून!" आणि सगळं मैदान उभं राहिलं. माझ्या शेजारीच ते उभे होते. त्या टाळ्यांत त्यांना धाप लागलेली फक्त मला ऐकू आली. विंगेत पाहिलं तर वहिनी शेंगा सोलत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या.

दुखणं उलटलं ते असं, की आता ऑपरेशनही करता येणार नव्हतं. श्वास कोंडायला लागला म्हणून शेवटी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावीच लागली. ज्या आवाजासाठी एवढं सगळं केलं, तो गेलाच. दादा मग खुणेने बोलायला लागले. कुणी भेटायला आलं की हसून दोन बोटं वर करायचे. त्याचा अर्थ होता, दुसरा अंक. लोकांना वाटलं, ही विजयाची खूण. तो फोटो इतका फिरला, की माझ्या शाळेच्या ग्रुपवरही आला. खाली लिहिलेलं, 'याला म्हणतात जिद्द'. मी तो ग्रुप सोडला. आशावाद हा शब्द शिकवायची वेळ आली, की मला अजून दातओठ खावेसे वाटतात.

एक दुपार मात्र मी पाहिली. वहिनी नाकात घातलेल्या दुसऱ्या नळीतून त्यांना पातळ पेज भरवत होत्या. मी दारात दिसताच दादांनी सवयीने हसून दोन बोटं उचलली. वहिनींनी भांडं खाली ठेवलं. त्यांनी ती दोन्ही बोटं आपल्या मुठीत धरली आणि खाली दाबली. "माज्याम्होरं हे नगं," त्या म्हणाल्या. "लोकांम्होरं लई केलं. माज्याम्होरं रडा." दादा त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांचा चेहरा मोडला. गळ्यातल्या नळीमुळे रडण्याचाही आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते. वहिनी त्यांचं डोकं छातीशी धरून बसल्या. मी दार ओढून घेतलं. इतक्या वर्षांत त्या माणसाला नाटकाबाहेर मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

शोकसभेला हॉल पुरला नाही. स्टेजवर हार घातलेला फोटो, त्यात ती दोन बोटं. सुरुवातीला संयोजकांनी स्पीकरवर दादांचा आवाज लावला, "आरं, मी हाय अजून!" लोक रडत होते आणि टाळ्याही वाजवत होते. मग निवेदक म्हणाला, "आता आबांच्या गोदाक्का दोन शब्द बोलतील." मी माईकपाशी गेले. तयारी करून गेले होते, पण एकही वाक्य म्हणावंसं वाटेना. मी म्हटलं, "मी त्यांची नाटकातली बायको. खरी तिसऱ्या रांगेत बसली आहे. डॉक्टरांनी तिला एक प्रश्न विचारला होता, ऑपरेशन करायचं का, म्हणून. त्याचं उत्तर तिला कुणी देऊ दिलं नाही. वहिनी, या."

मला वाटलं, त्या येणार नाहीत. पण त्या उठल्या. चपला खाली काढून स्टेजवर आल्या. माईक त्यांच्या उंचीला फार वर होता. तो खाली घ्यायला कुणी पुढे येईना, म्हणून मी घेतला. त्यांनी फोटोकडे पाहिलं, समोरच्या एवढ्या माणसांकडे पाहिलं.

"मला मुका नवरा चालला असता," त्या म्हणाल्या.

आणि खाली उतरून चपला पायात घालायला लागल्या. मग मागून कुणीतरी सवयीने टाळी वाजवली, आणि तिच्या पाठोपाठ सगळ्यांनी वाजवल्या.